‘माझंच अंग बाहेर का आलं?’

डॉक्टरताई, नमस्कार.

मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय ५२. तीन बाळंतपणं झाली. पहिलं घरीच, सुईणीच्या हातून. दोन रात्री कळा काढल्या, मुलगा अंगानं चांगला भरलेला होता. नंतरच्या दोन मुली सरकारी दवाखान्यात झाल्या. धाकटीच्या वेळी मुलं बंद करायचं ऑपरेशन करून घेतलं. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या आषाढात लावणीला वाकलेली असताना खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. आता रोज संध्याकाळपर्यंत लिंबाएवढं अंग बाहेर येतं, रात्री आडवं झालं की आत जातं. लघवीला बसलं तरी लवकर होत नाही, अंग बोटानं आत सारावं लागतं. कुणाला बोलले नव्हते. शेवटी सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, बाळंतीण असताना सव्वा महिन्याच्या आत विहिरीवर गेलीस, त्याचं हे फळ. शेजारीण म्हणते, ऑपरेशनमुळे झालं. तालुक्याच्या डॉक्टरांनी पिशवी काढून टाका म्हणून सांगितलं. माझ्या थोरल्या जावेची पाच बाळंतपणं झाली, ओझी तिनंही माझ्याइतकीच वाहिली, तिला काही नाही. मग माझंच असं का? मोठी मुलगी सात महिन्यांची गरोदर आहे, पहिलटकरीण. बाळंतपणाला माझ्याकडेच येणार. तिच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून तिचं सिझर करायला सांगू का?

(नाव छापू नये)

ताई, नमस्कार.

इतके दिवस तुम्ही हे एकटीनं सोसलंत, आणि सांगितलंत तेव्हा बोल ऐकावे लागले. म्हणून उपचारांच्या आधी मी कारणांबद्दलच सविस्तर लिहिणार आहे. पिशवी काढायची की नाही, मुलीचं सिझर करायचं की नाही, ही दोन्ही उत्तरं त्या कारणांतूनच निघतात.

कमरेच्या हाडांचं जे कडं असतं, त्याचा तळ हाडाचा नाही. जांघांच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत तिथे स्नायूंचा एक पडदा असतो. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि शौचाचं आतडं यांचा भार हा पडदा खालून तोलून धरतो. त्याच्या मधोमध फट असते आणि तिच्यातून लघवीची, योनीची आणि शौचाची अशा तीन वाटा बाहेर येतात. शिवाय गर्भपिशवीला चिवट बंध असतात. ते तिला मागच्या बाजूला पाठीच्या खालच्या हाडाशी आणि दोन्ही बाजूंना कमरेच्या भिंतींशी धरून ठेवतात. स्नायू खालून तोलतात, बंध वरून धरतात. आपण दोन पायांवर उभ्यानं वावरतो, त्यामुळे पोटातला सगळा भार दिवसभर या तळावर असतो. आणि मूलही याच तळातल्या फटीतून बाहेर यायचं असतं.

बाळाचं डोकं खाली उतरतं तेव्हा त्या पडद्याचा फटीजवळचा भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो. बहुतेक बायकांचा तो पुढच्या काही महिन्यांत बऱ्यापैकी पूर्ववत होतो. काहींचा मात्र पुढच्या हाडापासून एका बाजूनं, कधी दोन्ही बाजूंनी सुटतो. हे आत खोलवर घडतं. वरून जखम दिसत नाही, टाके पडत नाहीत, आणि त्या वेळी सुईणीलाच काय, डॉक्टरलाही ते कळत नाही. त्या स्नायूंकडे जाणारी नसही ताणली जाते. बाळ मोठं असेल, डोकं खाली येऊन बराच वेळ अडलं असेल, चिमटा लावून ओढावं लागलं असेल, तर हे होण्याचा धोका वाढतो. सगळ्यात जास्त इजा पहिल्या बाळंतपणात होते, पुढची बाळंतपणं तिच्यात भर घालतात.

तुमच्या पत्रातलं ‘दोन रात्री कळा काढल्या’ हे वाक्य मी पुन्हा वाचलं. तपासल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण तुमच्या दुखण्याचं मूळ बहुधा त्या दोन रात्रींत आहे.

मग इतकी वर्षं काही का जाणवलं नाही? पावसाळ्यात परसात पडवळाचा मांडव घालतो ना, त्याचा एखादा खांब कुजला म्हणून मांडव लगेच खाली येत नाही. दोऱ्या भार घेतात. मांडव उभाच दिसतो, वेलही वाढत राहतो. पण जो भार खांबानं घ्यायचा तो आता दोऱ्यांवर असतो, त्या रोज थोड्या ताणतात, आणि एखाद्या जोराच्या सरीनंतर मांडव लोंबलेला दिसतो. तुमच्या शरीरात स्नायू हा खांब आणि बंध या दोऱ्या. गेल्या आषाढातली लावणी ही ती शेवटची सर. तिनं दुखणं दाखवून दिलं, तिच्यामुळे ते झालं नाही.

बंध सैल व्हायला आणखी एक गोष्ट कारणीभूत झाली, ती म्हणजे पाळी जाणं. पाळी चालू असते तोवर शरीरात इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक तयार होत असतं. योनीचं अस्तर, तिथला रक्तपुरवठा, बंधांचा चिवटपणा हे सगळं त्याच्यावर अवलंबून असतं. पाळी गेली की ते घटतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, आणि वयाप्रमाणे स्नायूंची ताकदही उतरत जाते. हे दुखणं पन्नाशीनंतर जास्त दिसतं ते यामुळेच.

आता जावेबद्दल. बंध ज्या धाग्यांचे बनतात त्यांना कोलॅजेन म्हणतात, आणि त्यांची प्रत प्रत्येकीला आईवडिलांकडून येते. म्हणून काही घराण्यांत हे दुखणं जास्त दिसतं. तुमच्या आईला, मावशीला, सख्ख्या बहिणीला असा त्रास होता का, एकदा आठवून बघा. जाऊ तुमच्याच घरात आली, तुमच्याच विहिरीवर पाण्याला गेली, पण तिच्या अंगातले धागे तिच्या माहेरचे आहेत. तिचं पहिलं बाळंतपण कदाचित चटकन झालं असेल, बाळ लहान असेल. एकही मूल न झालेल्या बाईचंही अंग बाहेर येऊ शकतं, आणि पाच बाळंतपणं होऊनही एखादीचा तळ शाबूत राहतो. आणखी एक सांगते. मुलं झालेल्या बायकांची तपासणी केली तर जवळजवळ निम्म्याजणींमध्ये थोडंफार तरी काही खाली सरकलेलं आढळतं. बहुतेकींना त्याचा पत्ताही नसतो, आणि ज्यांना असतो त्या बोलत नाहीत. जावेला खरंच काही नाही, की तीही तुमच्यासारखीच गप्प आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही.

आता ओझ्याचा मुद्दा. पोटात दाब वाढला की तो तळावर येतो. डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी घेऊन घाटी चढणं, भाजावळीसाठी कवळाचे भारे आणणं, घर बांधताना चिरे उचलणं, मासळीची भरलेली पाटी जमिनीवरून उचलून डोक्यावर घेणं, ही कामं कोकणातल्या बाईच्या रोजच्या जगण्यातली आहेत. पंधरा लिटरच्या हंड्यात नुसतं पाणीच पंधरा किलो असतं. ज्या बाईचा तळ शाबूत आहे ती हे पेलून नेते. जिचा आधीच दुबळा झालेला आहे, तिच्या बंधांवर प्रत्येक खेप थोडी थोडी उतरत जाते.

ओझं डोळ्यांना दिसतं म्हणून त्याच्याबद्दल सगळे बोलतात. खोकला आणि बद्धकोष्ठ यांच्याकडे कुणी बघत नाही, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. चुलीच्या धुरानं जडलेला जुना खोकला दिवसातून शंभरदा तळावर आदळतो. दमा असेल, क्षयानंतरचा खोकला असेल, त्याचंही तेच. आणि शेतावर किंवा बाजारात आडोसा नाही म्हणून कितीतरी बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग शौचाला घट्ट होतं, रोज कुंथावं लागतं. वर्षानुवर्षं कुंथणं म्हणजे वर्षानुवर्षं दाब. वजन जास्त असेल तर त्याचाही भार आहेच.

हे दुखणं एकट्यादुकट्या बाईच्या चुकीचं नसतं, हे नेपाळात न्यायालयानं मान्य केलेलं आहे. डोंगराळ भाग, कमी वयातली बाळंतपणं, अडलेल्या बाळंतिणीला दवाखाना न मिळणं आणि लगेच डोक्यावर ओझं, यांमुळे तिथे हा त्रास फार आढळतो. २००८ साली नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं हा बायकांच्या प्रजनन हक्कांचा प्रश्न असल्याचं सांगून सरकारला त्यावर उपाय करायला लावलं.

म्हणून सासूबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. बाळंतपणानंतर विश्रांती हवी हे त्यांचं म्हणणं खरं आहे. ताणलेला तळ भरून यायला सव्वा महिना काय, काही महिने लागतात, आणि तेवढ्यात जड उचलू नये हे उत्तमच. पण विहिरीवरची ती एक खेप हे काही या दुखण्याचं कारण नव्हे. आणि बाळंतिणीला पाण्याला जावं लागलं, कारण घरात पाणी आणणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याचा दोष तुमच्याकडे येत नाही. कदाचित सासूबाई स्वतःही अशाच गेल्या असतील. कधी निवांत बसल्या असताना त्यांना विचारा, त्यांनाही असं काही होतं का.

शेजारणीचं म्हणणं मात्र सरळ चुकीचं आहे. मुलं बंद करायच्या ऑपरेशनमध्ये बीजनलिका बांधतात किंवा कापतात. गर्भपिशवीला धरणाऱ्या बंधांना आणि स्नायूंना त्यात हातही लागत नाही. ऑपरेशन बाळंतपणाच्या आगेमागे होतं, म्हणून बाळंतपणात झालेली इजा त्याच्या नावावर जाते.

आता पिशवी काढण्याबद्दल. ‘अंग बाहेर आलं’ एवढं म्हटल्यानं नेमकं काय खाली आलंय ते कळत नाही. योनीची पुढची भिंत लोंबली की तिच्यामागची लघवीची पिशवी खाली येते. मागची भिंत लोंबली की आतडं पुढे येतं. कधी गर्भपिशवीच उतरते, आणि बरेचदा यांतलं दोन-तीन एकत्र असतं. लघवी अडणं आणि अंग आत सारल्यावर ती होणं यावरून तुमची पुढची भिंत नक्की तपासायला हवी असं मला वाटतं. मुख्य म्हणजे गर्भपिशवीचा यात स्वतःचा काही गुन्हा नाही. तिला धरणारं सैल झालंय, म्हणून ती खाली आली. नुसती ती काढून टाकली आणि आधार तसाच राहिला, तर पुढे योनीचा वरचा भाग खाली उतरू शकतो. म्हणून पिशवी काढणं हा काही रुग्णांत ऑपरेशनचा एक भाग असतो, तो स्वतः उपाय नव्हे. डॉक्टरांना सरळ विचारा: कोणता भाग उतरलाय, किती उतरलाय, आणि पिशवी काढली तर वरचा भाग कशाला बांधणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

पिशवी न काढता ती वर बांधून घेण्याची ऑपरेशनंही आहेत, आणि त्यांत आपल्याकडच्या डॉक्टरांचं मोठं काम आहे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा टाका जगभर माहीत आहे, तो गर्भ टिकावा म्हणून घालतात. पण अंग बाहेर येण्यावरही त्यांच्या नावाचं ऑपरेशन आहे. पुरंदरे यांच्या नावानं ओळखलं जाणारं एक आहे. योनीमार्गातून कृत्रिम जाळी बसवायची सुचवली, तर मात्र थांबून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्या जाळ्यांचे त्रास पाहून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या दुखण्यासाठी त्यांची विक्री २०१९ मध्ये थांबवली.

ऑपरेशनच्या आधी करून बघण्यासारखं बरंच आहे. सिलिकॉनची रिंग पेसरी मिळते. डॉक्टर मापानं निवडून ती योनीत बसवतात, ती आतल्या भागाला खालून आधार देते. नीट बसली तर ती आहे हे जाणवतही नाही, लावणीसुद्धा करता येते. काढून धुऊन पुन्हा घालायला स्वतःला शिकता येतं. नाहीतर डॉक्टर सांगतील तसं, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, दवाखान्यात जाऊन बदलून घ्यायची. सोबत इस्ट्रोजेनचं मलम देतात, ते योनीतच लावायचं असतं. कुणाला स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं.

आणि तळाच्या स्नायूंचा व्यायाम. वारा सरायला आला तर चारचौघांत तो जसा आवरून धरतो, तसं आत आणि वर ओढायचं. पोट, मांड्या, ढुंगण घट्ट करायचं नाही, श्वास रोखायचा नाही. जमेल तितके आकडे, हळूहळू दहापर्यंत, धरून ठेवायचं आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी चालू असताना अडवून हा सराव करू नका. निदान चार महिने नेटानं करायचा, मगच गुण आला की नाही ते ठरवायचं. सुटलेला स्नायू व्यायामानं परत हाडाला चिकटत नाही, हे खरं सांगायला हवं. पण उरलेला स्नायू मजबूत होतो, जडपणा कमी होतो, अंग उतरण्याचा वेग मंदावतो. शिंक, खोकला येण्याच्या क्षणी किंवा कळशी उचलण्याआधी हेच आवळणं करायची सवय लावा, आणि उचलताना श्वास सोडत उठा. हंड्याऐवजी लहान कळशीच्या दोन खेपा करा. पाणी, भाजी, गरज पडली तर इसबगोल घेऊन पोट साफ ठेवा.

काही गोष्टींसाठी मात्र एक दिवसही थांबायचं नाही: पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणं, बाहेर आलेल्या भागावर जखम, घाण वासाचं पाणी, लघवी पूर्ण अडणं, आत न जाणारं अंग, किंवा ताप येऊन पाठीत दुखणं.

आता लेकीचं. फक्त या भीतीपोटी सिझर नको. सिझरनं धोका कमी होतो, पण संपत नाही, कारण गरोदरपणाचा भार आणि घराण्यातून आलेले धागे तसेच राहतात. सिझर हे पोट उघडण्याचं ऑपरेशन आहे, पुढच्या बाळंतपणांत त्याचे स्वतःचे धोके असतात. डॉक्टरांना बाळासाठी किंवा तिच्यासाठी ते आवश्यक वाटलं तर जरूर करू द्या. तुमच्या वेळी जे नव्हतं ते तिला द्या. बाळंतपण दवाखान्यातच होऊ दे, म्हणजे मूल अडलं तर दोन रात्री वाट बघावी लागणार नाही. पिशवीचं तोंड पूर्ण उघडण्याआधी तिला ‘जोर कर, जोर कर’ म्हणू नका. शेवटी बाळ बाहेर ढकलायला वरून पोट दाबण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शनात ती वापरू नये असं सांगितलंय. तसं करणार नाही ना, हे आधीच विचारून ठेवा. वर लिहिलेला व्यायाम तिलाही आजपासून शिकवा, गरोदरपणात तो चालतो. बाळंतपणानंतर दुखणं ओसरलं की पुन्हा सुरू करायचा. तिला जडपणा, लघवी गळणं असं काही वाटलं तर ‘होतं असं’ म्हणून गप्प बसवू नका.

तुमची स्वतःची तपासणी तिचं बाळंतपण यायच्या आत करून घ्या. एकदा ती माहेरी आली की न्हाणीचं गरम पाणी, दुपटी, बाळंतिणीचा स्वयंपाक सगळं तुमच्याच कमरेवर येणार, आणि तुमचं पुन्हा मागे पडणार. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभाग असतो, पेसरीबद्दल तिथे विचारा. ऑपरेशनच लागलं तर ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून कळेल. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. सकाळी रात्रभराच्या झोपेमुळे अंग आत गेलेलं असतं आणि आडवं झोपवून तपासलं तर कमी दिसतं. म्हणून संध्याकाळी किती बाहेर येतं ते सांगा, आणि खोकायला लावून किंवा उभ्यानं तपासा असं न लाजता म्हणा.